एकवीस फुलं, नऊ दगड आणि एक पावती

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. प्रवासवर्णन लिहिणारी माणसं हिमालयात जातात, निदान समुद्र तरी ओलांडतात. मी निपाणीहून बेळगावला गेलो. त्या रस्त्यानं एस.टी.त बसून पेंगत आपण सगळेच जातो, आणि उतरल्यावर कुणी त्याबद्दल लिहीत बसत नाही. शिवाय आमच्या घरातल्या कुणाचं आजवर काही छापून आलेलं नाही. आईचं नाव तंबाखूच्या वखारीतल्या हजेरीपटावर असतं, पण तेही मुकादमानं लिहिलेलं. तेव्हा चुकलंमाकलं वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. वार्षिकांकाच्या संपादकांनी मला तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा नाही म्हणणं मला जमत नाही, एवढंच लिहिण्याचं कारण.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. एकोणऐंशी साली दिवाळीच्या आधी मला टायफॉईड झाला आणि मी बेळगावची खोली सोडून घरी निपाणीला येऊन पडलो. तेवढ्यात वर्गाची सहल गोकाकला जाऊन आली. मग सरांचं कार्ड आलं. सहल चुकली असल्यामुळे मी स्वतः गोळा केलेली वीस फुलझाडं आणि दहा खडक, प्रत्येकाचं ठिकाण लिहून, येत्या शनिवारी दुपारी बाराच्या आत विभागात द्यावेत. दहा खडकांपैकी एक नमुना दोन थर जिथे मिळतात तिथला असलाच पाहिजे. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही.

कार्ड मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दगडं आन् फुलंच मागत्यात न्हवं? मग जा की." परीक्षा हुकली तर वर्ष जाणार होतं, आणि वर्ष गेलं तर पुढचं वर्ष मिळणार नव्हतं. हे घरात कुणी बोललं नाही, पण मुकादमानं माझ्यासाठी वखारीत जागा धरून ठेवली आहे हे मला ठाऊक होतं आणि आईलाही ठाऊक होतं.

एस.टी. फुलासाठी थांबत नाही. म्हणून सायकलनं जायचं ठरवलं.

गुरुवार, तवंदीचा घाट

सायकल आमच्या दाजींची. दाजी उन्हाळ्यात गारीगार विकतात, त्यामुळे सायकलच्या मागं लाकडी पेटी कायमची ठोकलेली आहे. पेटीवर तांबड्या रंगात 'गारीगार' असं लिहिलंय आणि खाली एक मोर काढलाय. मोराचा गारीगारशी काय संबंध ते दाजींनाही सांगता येत नाही. पेटी काढता येईना, मग मी तिच्यातच सामान भरलं: रद्दीचा गठ्ठा, सुतळी, वही, चुन्याची डबी, शेजारच्या शिंप्याचा टेप आणि घणाच्या जातीतला एक हातोडा. टायफॉईडनंतर माझे पाय काडीसारखे झाले होते. त्या सायकलवर मी बसलो तेव्हा आई म्हणाली, "सायकलीनं तुला न्यावं, तू सायकलीला न्हेऊ नगंस."

घाटात मी सायकलीला नेलं. अर्धा घाट ढकलत चढलो आणि त्यामुळेच मला पहिल्यांदा माळ दिसला. आमच्या पुस्तकात वाळवंटातल्या फुलांवर एक धडा आहे. त्यात लिहिलंय की तिथली झाडं थोड्या पाण्यात घाईघाईनं फुलून घेतात. आमचा माळ काही वाळवंट नाही, पण दिवाळी सरली की त्याला वाळवंट व्हायची घाई झालेली असते. गवत कुसळासकट पिवळं पडलं होतं. त्यात तरवडाची पिवळी फुलं, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, आणि अगदी जमिनीलगत, रुपयापेक्षाही लहान, शंखपुष्पीची निळी फुलं. इतकी वर्षं त्या घाटातून मी जातोय, पण त्यातलं एकही फूल मी कधी पाहिलं नव्हतं. एस.टी.च्या खिडकीतून शंखपुष्पी दिसत नाही. ती दिसायला माणूस धापा टाकत खाली बसावा लागतो.

मी तसा बसलो, झाडं मुळासकट काढली, रद्दीत घातली. मग एक काळा दगड फोडला, त्यावर चुन्यानं 'एक' लिहिलं आणि पेटीत ठेवला. एवढ्यात मागून आवाज आला.

"ए गारीगारवाल्या, एक दे रं. दाढ लई ठणकतीया."

एक म्हातारी होती. गाल टोमॅटोसारखा सुजलेला. मी म्हटलं, "आजी, गारीगार नाही."

"मग पेटीत काय हाय?"

"दगड आहेत. आणि पाला."

"उघड," म्हणाली. मी उघडली. तिनं आत हात घालून माझा एक नंबरचा दगड काढला, गालाला लावला आणि डोळे मिटले.

"ह्यो बी गारच हाय की."

मग ती रस्त्याकडेला बसली. मीही बसलो, कारण नमुना क्रमांक एक तिच्या गालावर होता. दगड तापला की ती तो उलटा करायची. मला तिच्याकडून दगड मागायचा धीर होत नव्हता आणि सोडूनही जाता येत नव्हतं. मी तिला सांगितलं की हा लाव्हारस आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी तो उकळत होता.

"आता निवला न्हवं?" ती म्हणाली. "मग झालं तर."

दगड परत देताना तिनं तो पदरानं पुसला, आणि माझा चुन्यानं लिहिलेला आकडाही पुसला गेला. "चांगला हाय. जपून ठेव," म्हणाली.

घाट उतरताना मागचं चाक बसलं. उतरून बघतो तर टायरमध्ये गोखरूचा काटा. दोन शिंगांचा, बोकडाच्या डोक्यासारखा. पंक्चर काढायचं सामान माझ्याकडं नव्हतं, पण गोखरू मला गोळा करायचाच होता. मी आसपास वाकून शोधलं, तर त्याची वेल सगळीकडं पसरलेली, पिवळी पाच पाकळ्यांची फुलं उन्हात उघडलेली. इतक्या नाजूक फुलाला इतकं वाईट फळ यावं याचं मला नवल वाटलं. वेल रद्दीत ठेवली, टायरमधला काटा काढून तिच्याच शेजारी टाचला आणि सायकल ढकलत निघालो. वहीत लिहिलं: 'क्रमांक सात. ठिकाण: मागचे चाक.' नंतर ते खोडून कणगल्याच्या अलीकडे असं लिहिलं.

त्याच दिवशी, संकेश्वरच्या अलीकडे

दिवस कलायला आला होता आणि मी अजून ढकलतच होतो. तंबाखूच्या शेतांमधून एक माणूस धावत रस्त्यावर आला. मला वाटलं शेतात शिरलो म्हणून मारायला आला. तो म्हणाला, "जेवलास काय?"

"नाही."

"मग पळ! पळ लवकर! दिवस चालला!"

त्यानं माझी सायकल धरली आणि आम्ही दोघं तिच्यासकट बांधावरून धावत त्याच्या घरी गेलो. त्याचं नाव भरमाण्णा. जैन शेतकरी, घरी कन्नड आणि बाहेर मराठी. त्यांच्यात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, आणि दारात आलेला माणूस उपाशी ठेवतही नाहीत. त्यामुळे संध्याकाळी उशिरा पाहुणा आला की सगळ्या घराची धांदल उडते. आमच्याकडं उलटं असतं. आई वखारीतून आल्यावर चूल पेटते, म्हणजे दिवा लागल्याशिवाय आम्हाला भूक लागल्याचं कळतच नाही.

भरमाण्णांच्या बायकोनं, त्यांना सगळे आक्का म्हणत होते, मला पाटावर ढकललंच. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, वर दही. भरमाण्णा दारात उभे राहून सूर्यावर नजर ठेवून होते आणि तिथून खबर देत होते.

"अजून चार बोटं हाय. सावकाश जेव."

मी दुसरी भाकरी घेतली.

"दोन बोटं. जरा उचल हात."

आक्का कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. भरमाण्णांनी मराठीत सांगितलं, "ती म्हणतीय, पोरगा आजारातनं उठलाय, त्याला घाई करू नका. मी म्हटलं, ते सूर्याला सांग."

शेवटचा घास मी उभ्यानं गिळला. तेव्हा झाडांच्या शेंड्यावर थोडं तांबडं उरलं होतं आणि भरमाण्णांनी ते धरून चालायचं ठरवलं.

नंतर मी सोप्यात बसून रद्दीतली झाडं उघडली. भरमाण्णा वाकून बघायला लागले आणि त्यांचा चेहरा पडला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"सरांनी. कागद बदलायचे आणि दाबून ठेवायचं."

"आन् वाळलेलं पान दव पडायच्या आधी हातात घेतोस? सगळा चुरा हुईल. तुझी आई वखारीत हाय म्हणतोस, आन् तुला पान हाताळता येत न्हाय?"

मला लाज वाटली. जन्मभर तंबाखूचा वास घेतला होता, पण आपल्या अभ्यासाचा त्याच्याशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी मला दाखवलं. दिवसभर पान दाबून वाळवायचं, पण हात लावायचा तो पहाटे. हवेतलं दव खाऊन ते नरम पडलेलं असतं, तेव्हाच उलटायचं, तेव्हाच सारखं करायचं. ऊन चढलं की परत शिवायचं नाही. माझा गठ्ठा त्यांनी जोंधळ्याच्या पोत्याखाली ठेवला आणि पहाटे मला उठवून अंगणात नेला. शंखपुष्पीची निळी पाकळी बोटावर घेतली तर ती रेशमासारखी वळली. मोडली नाही.

भरमाण्णांनीच पंक्चरही काढलं. निघताना म्हणाले, "एवढं गवत वळखून दाखवलं की पास करत्यात?"

"होय."

"मग आमच्या म्हशीला बसीव परीक्षेला."

शुक्रवार, एका वाडीत

या वाडीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांनी माझ्याकडून तसा शब्द घेतलाय. हत्तरगीच्या पुढं, रस्ता सोडून आत, एवढंच सांगतो.

तोवर माझी एकवीस झाडं आणि नऊ दगड झाले होते. राहिला होता तो दोन थरांच्या मिळण्यावरचा. सरांनी वर्गात सांगितलं होतं की लाव्हारसाचा एक पूर आला, निवला, त्यावर माती साठली, मग दुसरा पूर आला आणि त्यानं ती माती विटेसारखी भाजून काढली. काळ्या खडकात अशी भाजलेली तांबडी रेघ सापडली की समजायचं, इथं दोन पुरांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला. पुस्तकात त्याचं चित्र आहे. मला ती रेघ त्या वाडीमागच्या टेकडीत लांबूनच दिसली. आडवी, सरळ, जणू कुणी पट्टी धरून ओढलेली.

मला इतका आनंद झाला की मी सायकल तशीच टाकून पळालो. टेपानं रेघेची जाडी मोजली, जमिनीपासूनची उंची मोजली, चार-चार पावलांवर चुन्याचे ठिपके दिले, वहीत लिहिलं. मग हातोड्यानं एक तुकडा काढला. वरून अर्धा काळा, खालून अर्धा तांबडा, नारळाएवढा. इतका चांगला नमुना कॉलेजच्या कपाटातसुद्धा नाही. तो छातीशी धरून मी वळलो, तर मागं अख्खी वाडी उभी होती.

पुढं दोन म्हातारे होते. एक बाळाप्पा, मराठी बोलणारे. दुसरे सिद्दाप्पा, कन्नड बोलणारे, पण मराठीही चांगलं. विहिरीच्या पाळीवरून त्यांचं फार वर्षांचं भांडण होतं आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की दोघंही माझ्याशीच बोलतायत, एकमेकांकडं न बघता.

"काय मोजतोस रं?" बाळाप्पा म्हणाले.

"ही तांबडी रेघ. हिच्या वरचा खडक वेगळ्या वेळचा आणि खालचा वेगळ्या वेळचा."

"कुणी मारली रेघ?"

"कुणी नाही. आपोआप झाली. कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"तवा सरकार कुणाचं हुतं?" सिद्दाप्पांनी विचारलं.

मी म्हटलं, तेव्हा माणूसच नव्हता. हे ऐकून लोक गंभीर झाले. माणूस नसताना मारलेली रेघ म्हणजे कुणाच्याही बाजूची नव्हे, असं एकजण मागून म्हणाला. तेव्हा मला कळलं की त्यांना काय वाटतंय. आमच्या भागात टेप घेऊन आलेल्या माणसाकडं लोक एकाच नजरेनं बघतात. गाव कुठल्या राज्यात जाणार ते आमच्या जन्माआधीपासून ठरायचं आहे. त्यामुळे ते कुठल्याही दिवशी, कुठल्याही माणसाच्या हातून ठरू शकतं असं सगळ्यांना वाटतं.

"मी सरकारी नाही," मी म्हटलं. "मी विद्यार्थी आहे."

"सरकारी माणूस असंच म्हणतोय," बाळाप्पा म्हणाले.

"माझी सायकल बघा. गारीगारची आहे."

"कार्तिकात गारीगार कोण इकतंय रं? सोंग घ्यायचं तर नीट तरी घ्यायचं."

कुणीतरी पेटी उघडली. आत नऊ दगड, नंबर घातलेले, आणि रद्दीत बांधलेला पाला. पाला कशाला, याचाही अर्थ एकानं लावला: कुठल्या जमिनीत काय उगवतं ते बघून मग जमीन कुणाला द्यायची ते ठरवणार.

आता खरं सांगायचं तर मी तिथून निघून जायला हवं होतं. पण सिद्दाप्पांनी विचारलं, "ही रेघ विहिरीतबी आसंल काय?" आणि तो प्रश्न मला फार आवडला. सरांनीसुद्धा हेच विचारलं असतं. विहीर टेकडीच्या चढावर, रेघेच्या वरच्या अंगाला चाळीस पावलांवर होती. थर खरंच आडवा असेल तर विहिरीच्या भिंतीत तो दिसायलाच हवा होता. मी म्हटलं, "बघायला पाहिजे."

त्यांनी मला दोरानं विहिरीत सोडलं.

तीन हात खाली गेल्यावर रेघ आली. सगळ्या विहिरीभोवती, कंबरपट्ट्यासारखी. तिच्या वर काळा खडक, खाली काळा खडक, मध्ये तांबडी भाजलेली माती, आणि तिच्या फटींतून पाझरणाऱ्या थेंबांवर नेच्याची बारीक पानं हलत होती. मी लोंबकळतच हात लावून बघितला. माझ्या हाताखाली एक जुनी जमीन होती जिच्यावर कधी ऊन पडलं असेल. मी पुस्तकातलं चित्र शंभर वेळा काढलंय, पण ते खरं असतं हे मला त्या विहिरीत कळलं. मी आनंदानं ओरडलो, "आहे! सापडली!"

वर सगळे काठाशी वाकले. मग वाद सुरू झाला.

"म्हंजी दोर महाराष्ट्रात," बाळाप्पांचा आवाज आला.

"आन् पानी कर्नाटकात," सिद्दाप्पा म्हणाले.

"घागर भरून वर आली की ती कुणाची?"

"घागर कुणाची ते नंतर बघू. खाली माणूस हाय तो कुणाचा?"

हा प्रश्न सुटेपर्यंत मी रेघेवरच लोंबकळत होतो. शेवटी एका बाईनं ओरडून सांगितलं की पोराला वर घ्या, मला पाणी भरायचंय.

मी वर आलो तेव्हा ते दोघं म्हातारे फार वर्षांनी एकमेकांकडं तोंड करून बोलत होते आणि त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. दगड गावाबाहेर जाणार नाही.

मी हात जोडले. सांगितलं की उद्या बाराच्या आत हा दगड दिला नाही तर माझं वर्ष जाईल, मी वखारीत जाईन. बाळाप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "पोरा, तुझं खरं बी आसंल. पर दगूड बेळगावला गेला की त्याचा कागुद हुतोय. कागुद झाला की आमच्या हातात काय ऱ्हात न्हाय. आजवर सगळं असंच झालंय."

मग दुसरा एक तुकडा तरी काढू द्या, म्हटलं. टेकडी एवढी मोठी आहे.

"तुकडा काढला की रेघ हलली," सिद्दाप्पा म्हणाले.

मला रडू येत होतं. टायफॉईडनंतर रडू लवकर येतं. काहीच सुचेना तेव्हा मी म्हटलं, "निदान लिहून तरी द्या, की दगड तुम्ही ठेवून घेतला." हे मात्र त्यांना पटलं. घेतल्याची पावती द्यायलाच पाहिजे, तो नियमच आहे, असं दोघंही म्हणाले. पण लिहिणार कोण? शाळेचे मास्तर सुट्टीवर होते. तेव्हा माझ्या दगडाच्या जप्तीची पावती मीच लिहिली. ते दोघं सांगत होते आणि प्रत्येक शब्दावर सगळी वाडी विचार करत होती. ती इथं जशीच्या तशी देतो:

'पावती. आमच्या गावच्या उत्तरेच्या टेकडीवरून, विहिरीच्या खालच्या अंगास चाळीस पावलांवर, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवरून, आडव्या तांबड्या रेघेतून निघालेला, वर काळा व खाली तांबडा असा एक दगड, वजन सुमारे एक नारळ, कॉलेजच्या विद्यार्थ्याकडून गावाने ठेवून घेतला. हीच रेघ विहिरीत तीन हातांवर आहे, ती विद्यार्थ्याने उतरून पाहिली. रेघेचा निकाल लागेपर्यंत दगड चावडीत राहील. कुणी फोडणार नाही.'

खाली बाळाप्पांचा अंगठा, सिद्दाप्पांची कन्नड सही, तारीख, आणि पाणी भरायला आलेल्या बाईचा अंगठा साक्षीदार म्हणून. मग दोघांच्याही घरून मला जेवायला बोलावणं आलं. कुणाकडं आधी जायचं यावर पुन्हा वाद झाला, तो मी दोन्हीकडं जेवून मिटवला. बाळाप्पांच्या सोप्यात झोपलो. पहाटे, दव असताना, झाडं उलटली. सिद्दाप्पांचा मुलगा मला हमरस्त्यापर्यंत सोडायला आला आणि चुन्याचा एकही ठिपका मी बरोबर नेत नाही ना ते बघून परत गेला.

शनिवार, बेळगाव

वाटेत मी प्रत्येक टेकडीकडं मान वळवून बघितलं. तांबडी रेघ कुठंही दिसली नाही. वंटमुरीच्या घाटात तर रेघेकडं बघता बघता मी एका बैलगाडीवर जाऊन आदळलो. गाडीवान म्हणाला, "गारीगारवाल्या, एवढी घाई? इतळतंय व्हय?"

काकती गेली, कॅम्पातली झाडं आली, आणि बाराला पंधरा मिनिटं असताना मी विभागाच्या दारात सायकल टेकवली. सरांनी आधी झाडं बघितली. प्रत्येक कागद हळूच उचलला. शंखपुष्पीपाशी थांबले. "निळा रंग राहिला कसा?"

मी दव आणि तंबाखूचं सांगितलं. सरांनी ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. मग दगड टेबलावर ओळीनं मांडले. मोजले. पुन्हा मोजले.

"नऊ."

मी पावती दिली. सरांनी ती उभ्यानं वाचली, मग खुर्चीत बसून वाचली. एका ठिकाणी त्यांच्या मिशा हलल्या, पण ते हसले असं मला म्हणता येणार नाही.

"तुम्ही विहिरीत उतरलात?"

"त्यांनी उतरवलं, सर."

"दिशा, अंतर, उंची, आकार, तारीख, साक्षीदार," सर स्वतःशीच म्हणाले. "वर्गात बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर 'गोकाकजवळ' याच्यापलीकडं एक शब्द नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "पण हा खडक नाही. कागद आहे. मला एकट्याला ठरवता येणार नाही. विभागप्रमुख मंगळवारी येतील. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी त्यानंतर लागेल."

शहापुरातल्या माझ्या खोलीवर गेलो. खाली हातमाग नेहमीसारखे खटखटत होते. खोलीतल्या मित्राला सांगून ठेवलं की यादी लागली की निपाणीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दे. आमच्याकडं पोस्टापेक्षा कंडक्टर लवकर पोचतो. मला थांबता येत नव्हतं. थंडीत दाजी त्याच पेटीतून पाव आणि बटर विकतात आणि सोमवारी त्यांना सायकल हवी होती. रविवारी मी सरळ निपाणी गाठली. वाटेत कुठंही थांबलो नाही. बघण्यासारखं मात्र पुष्कळ होतं.

निपाणी

मंगळवारी स्टँडवर जाऊन प्रत्येक बेळगाव गाडीच्या कंडक्टरला विचारलं. बुधवारीही विचारलं. एक कंडक्टर म्हणाला, "निरोप आसंल तर मीच हाक मारंन की. तू कशाला गाडीम्होरं उभा ऱ्हातोस?" गुरुवारी मी गेलो नाही. गुरुवारी सकाळी आईबरोबर वखारीत गेलो. तिनं चल म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही. मुकादमानं मला मोठ्या चाळणीपाशी उभं केलं.

तिथं समोर बायकांच्या रांगा बसलेल्या असतात. तंबाखूच्या धुळीनं नाक झोंबतं म्हणून सगळ्यांनी तोंडावर पदर बांधलेले, नुसते डोळे दिसतात. माझी आई चौथ्या रांगेच्या टोकाला. दुपारच्या सुमाराला, बेळगाव गाडीच्या वेळेला, फाटकावरचा राखणदार आत आला, पहिल्या बाईच्या कानाशी वाकला आणि गेला. तिनं पदर खाली ओढून दुसरीला काहीतरी सांगितलं आणि शिंकली. दुसरीनं पदर ओढला, तिसरीला सांगितलं, तीही शिंकली. असं ते एका रांगेतून दुसऱ्या रांगेत चाललं. चाळणी हलवायची मी थांबवली. मुकादम ओरडला, पण त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. शेवटी ते माझ्या आईपाशी पोचलं. तिनं ते पुन्हा विचारून घेतलं. मग उठली, आणि कामाच्या वेळी जागा सोडून कधी न उठलेली माझी आई पोत्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आली. तिनं तोंडावरचा पदर काढला.

"अरं," ती म्हणाली, "पावती धरली म्हणं सरांनी. यादीत नाव हाय तुझं. सोमवारी बोलीवलंय."